सिमेंटच्या कोटातली भिंत

मित्रांनो, आमच्या गावच्या मुख्य रस्त्यावरून, म्हणजे हाय स्ट्रीटवरून, जाताना माझा विटांचा सरळ चेहरा पाहून फसू नका. तो फॅशन बदलली तेव्हा पुढे उभा केलेला. मी मुळात ओकच्या लाकडांचे जुने घर आहे. मागच्या गल्लीत आलात की माझे वाकडे खांब दिसतील. खांबांच्या मध्ये काठ्यांचे विणकाम, त्यावर माती, वर चुना. पावसात मी थोडे भिजत असे, वारा सुटला की वाळत असे.

माझी आताची मालकीण हेस्टर हॉबडे, तिच्या वडिलांनी माझ्यात बेकरी थाटली. मागच्या भिंतीतून गार वारा येई, म्हणून त्यांनी मोठ्या मायेने तिच्यावर सिमेंटचा जाड थर चढवला. सगळ्यांनी कौतुक केले. मलाही नवा कोट मिळाल्यासारखे वाटले. पण थराला बारीक भेगा पडल्या. त्यांतून पाणी आत शिरे, बाहेर मात्र पडेना. वडील गेले, बेकरी हेस्टरकडे आली, आणि माझ्या कोपऱ्यातल्या खांबाचा पाय कुजू लागला. पिठाच्या गोण्यांना बुरशी धरली. खांब खचला तर बेकरी बंद करावी लागणार होती.

"वरून आणखी एक थर मार," हेस्टरचा भाऊ क्लाइव्ह म्हणाला.

पण मी जपायच्या वास्तूंच्या सरकारी यादीत आहे. परवानगीसाठी नगरपालिकेच्या इमोजेनबाई आल्या. त्यांनी भिंत ठोकून पाहिली. "आहे तोच थर काढायला हवा," त्या म्हणाल्या.

"इंग्लंडच्या पावसात भिंत उघडी टाकायची?" क्लाइव्ह हसला. "मग छत्र्याही फेकून देऊ."

हेस्टर म्हणाली, "रेनकोट घालून धावलास की आतून भिजतोस ना?"

"मी कधी धावतो?"

"तेही खरंच."

तरी थर काढायला तिचे मन धजेना. थराच्या कोपऱ्यात वडिलांच्या पंजाचा ठसा होता. शेवटी तेवढा तुकडा तिने कापून घेतला आणि खिडकीत ठेवला. बाकीचा थर निघाला. सुतारांनी कुजलेला पाय कापून तिथे नव्या ओकचा सांधा बसवला. मग चुना लागला.

उन्हाळा सरेपर्यंत गोण्या कोरड्या राहू लागल्या. चुना ओला असतानाच क्लाइव्हने गुपचूप त्यावर आपला पंजा उमटवला होता.

"बाबांचा हात मोठा होता," हेस्टर म्हणाली.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर माया जरूर करा. मात्र पांघरूण घालण्याआधी ती श्वास कुठून घेते, तेवढे पाहा.