बरणी आणि जावईबापू

मित्रांनो, मी एक जुनी बरणी आहे. बरणी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघर आले असेल. मी तिथली नाही. माझ्यात आजवर खाण्याची एकही वस्तू पडलेली नाही. पडत आला आहे तो समुद्र.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने जाड, पारदर्शक प्लास्टिकची रुंद नळी कापली, तिला खाली बूड चिकटवले आणि वर झाकण बसवले. झाकणात एक फवारा लावला, तुमच्या न्हाणीघरात असतो तसा. फवाऱ्याशेजारी बोट जाईल एवढे एक भोकही पाडले. ते भोक तेवढे लक्षात असू द्या, कारण पुढचे सगळे रामायण त्यानेच घडवले.

तिथून मी थेट जहाजावर आले. समुद्राचा अभ्यास करणारे जहाज होते ते. जहाजाच्या पुढच्या टोकाला, पाण्याखाली, एक तोंड होते. तिथून पंप समुद्राचे पाणी ओढायचा आणि लांबलचक पाइपातून माझ्या फवाऱ्यापर्यंत आणून सोडायचा. रात्रंदिवस माझी अंघोळ चालू.

ही अंघोळ कशासाठी, तेही सांगते. सोड्याच्या बाटलीतून फसफसत वर येतो ना, तो कार्बन डायऑक्साइड वायू समुद्रातही विरघळलेला असतो. धुराड्यांतून आणि गाड्यांतून तो हवेत जातो आणि त्यातला बराचसा समुद्र मुकाट्याने पोटात घालतो. किती घातला, ते मोजायचे माझ्याकडे होते. पाणी माझ्यात बरसले की पाण्यातला वायू माझ्यातल्या हवेत यायचा, हवेतला पाण्यात जायचा आणि थोड्या वेळाने दोघांची तडजोड व्हायची. मग माझ्यातली चिमूटभर हवा शेजारच्या मापकाकडे जायची आणि पडद्यावर आकडा उमटायचा. आकडा चढला की समजायचे, समुद्राच्या पोटात जास्त साठले आहे.

आता ते भोक. जहाज डोलले की माझ्यातले पाणी वरखाली होते, तेव्हा मलाही थोडी हवा आत-बाहेर करावी लागते. म्हणून त्या भोकाला एक रबरी नळी जोडलेली होती आणि तिचे दुसरे टोक खिडकीतून बाहेर, मोकळ्या वाऱ्यात सोडलेले होते. खोलीतली हवा मला चालत नाही. खोलीत माणसे असतात, माणसे श्वास सोडतात आणि माणसाच्या उच्छ्वासात हा वायू इतका असतो की त्यापुढे समुद्र काहीच नाही.

म्हणूनच आमच्या बाईंनी प्रयोगशाळेत बोलायला बंदी केली होती. बाई म्हणजे माझ्या आकड्यांच्या मालकीणबाई. ऐन तारुण्यात त्या या जहाजावर आल्या आणि एकाच समुद्राच्या एकाच पट्ट्यात वर्षानुवर्षे माझ्याबरोबर फिरल्या. नळी असली तरी त्यांचा नियम एकच, बरणीजवळ आलात तर तोंड फिरवा आणि गप्प राहा. खलाशी त्यांना पाठीमागे गप्पबाई म्हणत. पंप सांभाळणारे मिस्त्री तर गाल फुगवून, श्वास कोंडून आत यायचे, नट आवळायचे आणि लालबुंद होऊन बाहेर पळायचे. मग बोळातून ओरडायचे, "बाई, पाइपात शेवाळ धरलंय! उद्या घासून काढतो!"

"घासा, पण ओरडू नका," बाई म्हणायच्या. मिस्त्री गेले की एकट्याच हसायच्या.

त्या काळी माझा काय थाट होता! पाहुणे माझे फोटो काढायचे. बाई मला मऊ फडक्याने पुसायच्या. भिंतीवर माझ्या आकड्यांचा आलेख लावलेला होता आणि त्यावरची रेघ दर वर्षी थोडी वर सरकायची. मी खुळी, रेघ चढते म्हणून फुगायचे. मला वाटायचे, चढती रेघ म्हणजे प्रगतीच.

मग एके दिवशी जावईबापू आले.

हे नाव मिस्त्रींनीच ठेवले. ते होते माझेच काम करणारे एक नवे, आपोआप चालणारे यंत्र, चकचकीत पांढऱ्या पेटीतले. त्याला आणणारे सर एकेकाळी बाईंचे विद्यार्थी होते आणि आता साऱ्या मोहिमेचे प्रमुख. यंत्र स्पंजाच्या गादीवरून आले. त्याला खिडकीजवळची जागा मिळाली, वर झाकायला कापड मिळाले. कोणी दार आपटले की मिस्त्री दटावायचे, "हळू रे, जावईबापू रुसतील!" मला मात्र उचलून कोपऱ्यात ठेवले. कौतुक आटले की कोपरा मिळतो, हे मला त्या दिवशी कळले.

कोपऱ्यातून माझी रबरी नळी खिडकीपर्यंत पोहोचेना.

"राहू द्या मिस्त्री," बाई म्हणाल्या, "खाली सामानात लांब नळी आहे. उद्या काढू."

त्या उद्याला समुद्र खवळला. बोट लागून निम्मे जहाज आडवे झाले, बाईसुद्धा. समुद्र शांत झाला तेव्हा कामाचा ढीग साचला होता आणि नळीची आठवण कोणालाच राहिली नाही. माझे भोक खोलीत उघडेच राहिले.

आता मोहिमेचे खरे काम सुरू झाले. एकच पाणी एकाच वेळी आम्हा दोघांना द्यायचे आणि आमचे आकडे जुळतात का ते पाहायचे. जुळले, तर माझे सगळे जुने आकडे पुढे धरायचे आणि नवे त्यांना जोडायचे. नाही जुळले, तर काय, ते सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकले. सांगताना त्यांची नजर बाईंकडे नव्हती.

"मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. पण बरणी सारखी जास्त दाखवतेय. आणि ती आज चुकत असेल, तर आधीपासूनच चुकत नव्हती कशावरून? मग जुने आकडे मला वापरता येणार नाहीत."

"जुने म्हणजे किती?" बाईंनी विचारले.

"सगळेच."

सर गेल्यावर बाई माझ्याजवळ आल्या. झाकण तपासले, फवारा तपासला. काही सापडेना, म्हणून आणखी वाकल्या. चष्मा माझ्या अंगाला टेकला. त्यांचा श्वास थेट माझ्या भोकापाशी येत होता आणि जहाजाच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर मी तो आत ओढत होते. पडद्यावर आकडा उसळला. तो पाहून बाई घाबरल्या आणि आणखी जवळ आल्या.

मित्रांनो, मला वाचा असती तर मी किंचाळले असते. बाई, मागे व्हा! बिघाड माझ्यात नाही, तुमच्या काळजीत आहे! पण बरणीला कुठली वाचा? त्या जितक्या काळजीने मला तपासायच्या, तितकी मी खोटी ठरायचे. असे किती दिवस चालले! त्यांचे जेवणावरून लक्ष उडाले, रात्रीही त्या माझ्यापाशीच बसून असायच्या. मुलीचा फोन आला, तर "नंतर बोलते गं" म्हणून ठेवून दिला. एकदा तर माझ्यावर हात ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "तू खोटी निघालीस ना, तर माझं सगळं आयुष्य पाण्यात गेलं. आणि खरी निघालीस तर..."

पुढचे वाक्य त्यांनी गिळले. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. खरी निघाले तर आनंदच की!

बंदर जवळ आले. शेवटी एका दुपारी बाईंनी हात टेकले. "उद्या हिला खाली उतरवा," असे मिस्त्रींना सांगून त्या डेकवर जाऊन बसल्या आणि संध्याकाळपर्यंत आत फिरकल्याच नाहीत. खोलीत आम्ही दोघेच, मी आणि जावईबापू. पाणी बरसत होते. माझ्यातली हवा हळूहळू स्वच्छ झाली.

संध्याकाळी सर आत आले, दारातूनच त्यांनी पडदा पाहिला आणि धावत जाऊन बाईंना घेऊन आले.

"मॅडम, बघा तरी! दुपारपासून दोघं हातात हात घालून चाललेत. काही फरकच नाही!"

"मग आधी काय झालं होतं हिला?" म्हणत बाई वाकल्या. शेजारी सरही वाकले. दोघांची तोंडे माझ्या झाकणापाशी. आणि दोघांच्या डोळ्यांदेखत आकडा उसळला.

"अरेच्चा! परत बिघडली!" सर म्हणाले.

बाई मात्र जागच्या जागी थिजल्या. मग ताठ उभ्या राहिल्या. "सर, मागे व्हा. आणखी मागे. गप्प." दोघेही भिंतीला पाठ लावून उभे राहिले. आकडा उतरू लागला, उतरत उतरत जावईबापूंच्या आकड्याला जाऊन भिडला. मग बाई एकट्याच पुढे आल्या आणि झाकणावर हळूच फुंकर घातली. आकडा टुणकन वर.

"नळी," बाई म्हणाल्या. "नळी लावायची राहिली. साऱ्या जहाजाला गप्प करणारी मी, आणि इतके दिवस हिच्या तोंडावर श्वास सोडत बसले."

मिस्त्री धावत जाऊन लांब नळी घेऊन आले. आम्ही दोघे बंदरापर्यंत जुळत राहिलो. आधीच्या सगळ्या मोहिमांत नळी जागेवर होती, त्यामुळे माझे जुने आकडे एकजात खरे ठरले. खलाशांनी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "अभिनंदन मॅडम! रेघ आता कोणी खोडू शकत नाही."

बाईंच्या डोळ्यांत पाणी होते. मला वाटले, आनंदाचे.

"कसलं अभिनंदन?" त्या म्हणाल्या. "इतके दिवस जीव टांगणीला होता, तरी मनात कुठेतरी वाटत होतं, मीच चुकले असेन तर बरं. मग ती रेघही खोटी असती. समुद्र ठीक असता."

फक्त माझा फवारा वाजत होता. त्या चढत्या रेघेचा मला किती तोरा होता! ती माझी प्रगती नव्हती. हा वायू वाढला की समुद्राचे पाणी आम्लतेकडे झुकते आणि शिंपल्यांची कवचे पातळ होत जातात, ती रेघ त्याची होती, आणि ती मी वर्षानुवर्षे हौसेने काढत बसले होते.

आता मी बाईंच्या संस्थेच्या बोळात, काचेच्या कपाटात असते. तुमच्यासारखी मुले येतात, काचेला नाक लावून मला पाहतात, त्यांच्या श्वासाने काच धुरकटते. लावा खुशाल नाक. आता माझे काही बिघडत नाही. बाई निवृत्त झाल्या, तरी अधूनमधून येतात. माझ्याकडे न पाहता आधी सरांच्या खोलीत जाऊन जावईबापूंचा नवा आकडा विचारतात. बाहेर आल्या की त्यांच्या चेहऱ्यावरून मला तो कळतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असे सांगून माझ्यासारख्या वस्तू तुमचा निरोप घेतात. मला जपू नका. हवे तर भंगारात द्या. पण सगळेच पोटात घालणाऱ्या त्या समुद्राला थोडे कमी गिळायला लावा. म्हणजे कधीतरी बाई त्या खोलीतून हसत बाहेर येतील.