सव्वीस वावांची खूण

दोन महिन्यांची बंदी आज उठली होती. तारापूरच्या खाडीत होड्या नव्या रंगात, नव्या निशाणांत उभ्या होत्या. पोटाखाली चिखल, आणि मुखं सगळ्यांची पाण्याकडे. साडेबाराला भरती पूर्ण होणार. त्या पाण्यावर जी होडी तरंगेल ती दर्याला लागेल. जी राहील ती उद्यापर्यंत चिखलात बसेल.

रामा तांडेलाची होडीही सजून उभी होती. फक्त तिचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा म्होरक्या, कोण, ते अजून ठरायचं होतं.

रामाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्याच्या जागी सुकाणूवर त्याचा मुलगा मितेश बसावा, ही हिराची, मितेशच्या आईची, वर्षाची आस. पण रामाने अट घातली होती. "माझ्या बेचाळीस खुणा नव्या सेटात आल्या तर पोरगा तांडेल. नाय आल्या तर मी दांडी गावचा जाणता तांडेल बोलावणार. आंधळ्या दर्यात पोर सोडायचं नाय."

खुणा म्हणजे दर्यातल्या जागा. कुठे घोळ मासा मिळतो, कुठे खाली खडक आहे, कुठे वागऱ्याचं जाळं टाकलं की पापलेट लागतं. आधी त्या डोंगर आणि देवळाचा कळस एका रेषेत धरून ओळखायच्या. मग जीपीएसचा सेट आला, रामाने एकेक खूण त्यात भरली. खाऱ्या पाण्याने सेट मेला, पण त्याचं कार्ड वाचलं. नवा सेट मात्र जुन्या कार्डाची फाइल ओळखेना. त्याला साधी, लिहिलेली यादी हवी होती.

म्हणून पूर्वी नावाची पोर आज घरी आली होती. शेजारच्या आळीतल्या अंकुशची मुलगी, पालघरला कॉलेजात कॉम्प्युटर शिकणारी. सी भाषेत तिने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता: जुनी फाइल उघड, एकेक खूण वाच, तिची साधी यादी कर. आपल्या लॅपटॉपवर, लिनक्सवर, तिने तो बापाच्या खुणांवर चालवून पाहिला होता. कॉलेजातल्या विंडोजवरही पाहिला होता. दोन्हीकडे सोळाच्या सोळा खुणा सरळ रांगेत आल्या होत्या, शाळेतल्या पोरांसारख्या.

"दे कार्ड, हिराकाकी. लॅपटॉपवर पाच मिनिटांचं काम हाय."

"लॅपटॉप कुणाचा?" पलंगावरून रामाने विचारलं.

"माझा."

"मग नाय. जाळं उसनं देऊ, खूण देणार नाय. कार्ड या घरातून बाहेर जात नाय, आन दुसऱ्या घराच्या डब्यात शिरत नाय."

"अवो, पोर आपली हाय!" हिरा म्हणाली.

"पोर आपली. बाप अंकुश हाय ना तिचा?"

पूर्वी हसली. ही रीत तिलाही ठाऊक होती. खूण बापाकडून मुलाकडे जाते, तीही होडीवर, कानात. घरात, बायकोजवळसुद्धा तिचा उच्चार होत नाही. "बरं काका. तुमच्याच डब्यात चालवते. सीचा प्रोग्रॅम कुठेबी चालतो."

मितेशचा जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात होता, त्यावर विंडोज. पूर्वीने पेनड्राइव्हवरून सगळं चढवलं, प्रोग्रॅम तिथेच नव्याने बांधून घेतला, कार्ड लावलं आणि बटण दाबलं. ओळी धडधड उतरल्या आणि थांबल्या.

"झालं?" दारातून मितेशने विचारलं. त्याच्या अंगावर नवा कोरा टी-शर्ट, पायाला चिखल.

पूर्वीने ओळी मोजल्या. पुन्हा मोजल्या. "चौदा."

"बेचाळीस हायत," रामा म्हणाला.

"चौदाच येतात, काका."

मितेशचं तोंड उतरलं. तो खाडीकडे वळला. होडीला पाणी कुठवर आलं ते बघायला, किंवा आपलं तोंड कुणाला दिसू नये म्हणून. हिरा होडीवर वाहायचे तांदूळ सुपात घेऊन दारात बसली होती. हात चालू, ओठांत गाणं चालू. आता गाण्याची चाल जलद झाली:

*चढ गो भरती, चढ पायरी पायरी,*
*तांडेल माझा नवा, उभा नाळीवरी.*
*चढ गो भरती, पण चढ बेताबेताने,*
*लेकाची होडी माझी, सुटू दे मानाने.*

"फाइल खराब झाली असंल," रामा म्हणाला. "मिठाने सेट खाल्ला, तसं हिलाबी खाल्लं."

"थांबा." पूर्वीने फाइलचा आकार पाहिला, एका खुणेला लागतात तेवढ्या बाइटांनी भागला. बेचाळीस. बरोब्बर बेचाळीस, ना एक कमी ना एक जास्त. तिने खुर्ची पलंगाकडे वळवली. "काका, सगळ्या आत हायत! फाइल धड हाय. माझा प्रोग्रॅमच मधी थांबतोय."

"मग लोट त्याला पुढं."

"लोटते ना. दुसरं कार्ड हाय का? जुनं?"

हिराने देवघरातल्या डबीतून एक काढून दिलं, तीन वर्षांपूर्वीचं. त्यातून आल्या नऊ. पूर्वी खुर्चीत मागेपुढे झुलू लागली. एकात चौदा, दुसऱ्यात नऊ. रामा म्हणाला, खुणा त्याच, फक्त लावलेल्या वेगळ्या क्रमाने. काटेरी कुंपण कुठेतरी आहे आणि दोन्ही वाटा तिथेच अडतात.

बाहेर कुणाच्या तरी होडीचं इंजिन घरघरलं. पाणी चढत होतं.

"काका, आठवा. या कार्डात चौदाव्या खुणेपाशी अडतंय. तिच्यापुढे कुठली भरली होती?"

रामाने डोळे मिटले.

"आन या जुन्यात, नववीच्या पुढे?"

रामाचे ओठ हलले. मनातल्या मनात तो दर्या फिरून येत होता, खुणेवरून खुणेवर. मग त्याचा चेहरा बदलला. "दोनीकडं एकच," तो हळू म्हणाला.

"एकच खूण?" पूर्वी उठूनच उभी राहिली. "कुठली? सांगा काका!"

"नाय सांगणार."

"अवो, सांगा की!" हिराचं सूप खाली आपटलं, तांदूळ उडाले. "पाणी काय तुमच्या हट्टासाठी थांबणार हाय? पोरगा तिकडं चिखलात उभा राहून मन मारतोय!"

"हिरा, तू गप."

"चाळीस वर्सं गप हाय मी!"

पूर्वीने हात जोडले. "नाव नको, काका. जागाबी नको. त्या खुणेत वेगळं काय हाय, तेवढंच. खोली किती वाव?"

रामाने आवाज खाली आणला. "सव्वीस वाव."

"सव्वीस?"

"सव्वीस. तेवढ्या खोलीची ती पयली. पुढं मग अजून खोल."

पूर्वीने कपाळावर हात मारला आणि मोठ्याने हसली. हिराला वाटलं, पोर बिथरली.

"काकी, सापडलं! अगो काकी, सापडलं! बघा, या सेटात नाव आन जागा अक्षरांत लिवलेली, पण खोली एका बाइटात, नुसता आकडा. आन विंडोजची एक जुनी खोड हाय. फाइल वाचायचा मजकूर म्हणून उघडली की सव्वीस नंबरचा बाइट दिसला रे दिसला, की तो म्हणतो, संपली फाइल, चला घरी! पुढे कितीबी असू दे. लिनक्सला ही खोड नाय."

"मग तुझ्या बापाच्या खुणा बऱ्या आल्या?"

"बाबांची डोल-जाळी, काकी! काठाकाठानं. अठरा वावांच्या पुढे आमी गेलोच नाय कधी!"

रामाच्या तोंडावर, कितीतरी वेळाने, हसू फुटलं. "अंकुश भित्रा हायच पयल्यापासून."

पूर्वी बसली. फाइल उघडण्याच्या ओळीत तिने फक्त r लिहिला होता, 'वाच'. त्याला चिकटून तिने b लिहिला. म्हणजे, हा मजकूर नाही. जसं आहे तसं वाच, एकही बाइट आपल्या मनाने समजून घेऊ नकोस. लिनक्स त्या b कडे ढुंकूनही बघत नाही, म्हणून लिनक्सवर तो लिहायचा राहून जातो. विंडोज मात्र त्याच्यावाचून अडतो. लिहिला की दोन्हीकडे चालतं.

तिने बटण दाबलं आणि रीतीप्रमाणे तोंड भिंतीकडे फिरवलं. "किती आल्या ते मितेशला मोजू दे. मी बघत नाय."

मितेश चिखलाच्या पायांनीच आत धावला. तो मोजत होता आणि त्याचा आवाज वर वर चढत होता. "एकेचाळीस... बेचाळीस! बा, बेचाळीस!"

"आकडा काय, कोणीबी आणील," रामा म्हणाला, पण पलंगाची कड त्याने घट्ट धरली होती. "खऱ्या हायत का? वाचून दाखवा. माझ्या मनातल्याशी ताडून बघतो."

मितेश वाचायला लागला आणि अडखळला. बापाने इंग्रजी अक्षरांत, आपल्या मनाने लिहिलेली नावं त्याला लागेनात. बाहेर दुसरी होडी सुटली, माणसांचा हाकारा उठला.

"पूर्वी," रामाने हाक मारली. "तू वाच गो बाय."

"काका, मी दुसऱ्या घरची."

"वाच म्हणतो ना. आज एवढी खोल आलीस, आता काठावर काय थांबतेस?"

पूर्वी वाचू लागली. रामा डोळे मिटून, प्रत्येक नावाच्या आधी खोली बोलत होता, आणि पडद्यावर तीच उमटलेली होती. बारा. नऊ. चौदा. एकवीस. जशी ओवीची एक ओळ एकीने म्हणावी आणि दुसरी दुसरीने. चौदावी खूण झाली. पुढची ओळ पाहून पूर्वी थांबली.

"सव्वीस," रामा म्हणाला. "वाच."

"नाव... हिरा."

सुपातले सांडलेले तांदूळ वेचणारा हात थांबला.

"लग्नाच्या वर्सी लागली ती जागा," रामा भिंतीशी बोलल्यासारखं बोलला. "चार होड्या भरतील एवढं पापलेट. दुसरं काय नाव देणार होतो?"

हिराने सूप बाजूला ठेवलं. पदर तोंडाला लावून ती हसत होती की रडत होती, ते पूर्वीला कळलं नाही. मितेशने तर तिकडे बघितलंच नाही, तो दाराशी एका पायावर नाचत होता.

"बा, पाणी आलं! बाकीच्या वाचू ना पुढं वाटेत!"

"अजून दोन-चार वाच आधी, पूर्वी. मग सगळी यादी याला नव्या सेटासाठी कार्डात दे." आणि मग, आवाज जरा मोठा करून, सगळ्या आळीला ऐकू जावा असा, रामा म्हणाला, "तांडेलाला घाई हाय."

हिरा तांदळाची मूठ भरून उठली आणि मितेशच्या आधी खाडीकडे धावत सुटली.