गोगलगायी वाढतात कशाने

सासऱ्यांच्या फिशटँकमध्ये गोगलगायी मीच आणल्या, काचेवरचं शेवाळ खातील म्हणून. आणल्या होत्या दोन, अडीच महिन्यांत साठ झाल्या. काचेवर, फिल्टरवर, पानांखाली, बघावं तिथे त्याच. पाणी गढूळ, आणि मासे वर येऊन धापा टाकायला लागलेले.

माझं डोकं फिरलं. ज्याच्याकडून आणल्या त्या मासेवाल्याला जाऊन चांगलं फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, गोगलगायी हवेवर वाढत नाहीत, उरलेल्या खाण्यावर वाढतात. दिवसातून किती वेळा खायला घालता? मी ठणकावून सांगितलं, एकदाच, सकाळी, आणि माझे सासरे घालतात. त्यांच्या चिमटीतून एक दाणा जास्त पडणार नाही.

हे मी खोटं सांगत नव्हते. सासऱ्यांचं औषधांचं दुकान आहे. एक्केचाळीस वर्षं काउंटरवर तेच. मी फार्मसी शिकलेली, परवाना असलेली, तरी पाच वर्षं मला मागच्या खोलीत खोकी लावायला ठेवलं होतं. काउंटर म्हणजे त्यांचा जीव. त्यावरून आमची धुसफूस चालायचीच.

आधी मला नवऱ्याचा संशय आला. तो म्हणाला, मासे किती आहेत तेसुद्धा मला माहीत नाही. ते मात्र पटलं.

रविवारी मटार सोलायचं निमित्त करून मी टाकीसमोर बसले. आठला सासऱ्यांनी खाणं घातलं. साडेनऊला घातलं. अकराला पुन्हा डबी उघडली आणि म्हणाले, "सकाळपासून उपाशी आहेत बिचारे." चिमूट दर वेळी तेवढीच. माशांचं मला काही नव्हतं, मला दुकान आठवलं.

त्या आठवड्यात मी खोकी सोडून त्यांच्या मागेच उभी राहिले. काहीतरी कारण काढून प्रत्येक पाकीट डोळ्यांखालून घालायचे. सूनबाई, पोलिसात कधी लागलात, असं त्यांनी विचारूनही घेतलं.

तोंडावर सांगायचं धाडस होईना. पुढच्या रविवारी मी त्यांना एक बंद डबा दिला, वर फट पाडलेला. गोगलगायींचा छडा लावायचाय, माशांना घातलं की वेळ लिहून चिठ्ठी यात टाका, म्हटलं. संध्याकाळी त्यांनी स्वतःच डबा उघडला. पाच चिठ्ठ्या, पाचही त्यांच्या अक्षरात. त्या त्यांनी टेबलावर ओळीने मांडल्या.

"दुकानात किती चुका?" त्यांनी विचारलं.

मी खोटं बोलणार होते. पण "दोन," मी म्हणाले. "दोन्ही वेळा पाकीट हातात पडायच्या आत मी बदललं, बाबा."

"कोणासाठी होतं?"

"एक एका बाळासाठी होतं."

त्यांनी चष्मा काढला. मी जेवायला वाढते म्हणून आत गेले आणि ओट्यापाशी रडले.

सोमवारी दुकान त्यांनीच उघडलं आणि सरळ मागच्या खोलीत जाऊन खोक्यावर बसले. नेहमीचे एक गृहस्थ आले, काउंटरवर मला बघून सासऱ्यांना हाका मारायला लागले.

"यापुढे सूनबाई देतील औषध," सासरे आतून म्हणाले. "माझ्यापेक्षा त्यांचं लक्ष चांगलं आहे."

पाच वर्षं मी हीच जागा मागत होते. मिळाली, तेव्हा मागे वळून त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.