तिसऱ्या रांगेतली सीट

मला गाडी लागते. ह्यात लपवण्यासारखं काही नाही. नांदेडला आमच्या गल्लीत लहानपणीच सगळ्यांना ठाऊक होतं की शिवांगीला एसटीत खिडकी द्या, नाहीतर तुमच्या मांडीवर ओकेल. पण स्टेअरिंग माझ्या हातात असलं की मला काही म्हणजे काही होत नाही. म्हणून तर नोकरी लागल्याबरोबर मी स्वतःची गाडी घेतली. लाल, बुटकी, रुंद टायरांची, मागं छोटासा पंख असलेली. मागची सीट निव्वळ नावाला. पण पाय दाबला की अशी सुटायची की बास.

लग्न होऊन अहमदपूरला आले तेव्हा ती माझ्यासोबत आली. सासरे शेषेराव तिला टमाटं म्हणायचे. सासूबाई केवळाबाई तिच्यात एकदाच बसल्या. उतरताना मला आणि जावेला त्यांना हात धरून ओढून काढावं लागलं, तेव्हापासून त्यांनी तिचं नावच टाकलं. मला बरंच झालं. रोज सकाळी मी एकटी लातूरला जायची, कॉलेजात बायोलॉजी शिकवायची, संध्याकाळी एकटी परत यायची. चार वर्षं तेवढाच काय तो माझा एकांत होता.

मग घरात मोठ्या गाडीचं खूळ शिरलं. थोरले दीर भागवतदादा, जाऊ उज्वलाताई, त्यांची दोन पोरं, सासू-सासरे आणि आम्ही दोघं. एवढी माणसं एका गाडीत मावली पाहिजेत, लोकं काय म्हणतील. माझं टमाटं बदल्यात द्यायचं आणि सात सीटांची घ्यायची असं ठरलं. माझा नवरा आदिनाथ म्हणाला, चावी खिळ्याला राहील, ज्याला लागेल त्यानं घ्यावी, तू लातूरला तीच नेत जा. मी हो म्हटलं. पूजेच्या दिवशी चाकाखाली लिंबं चिरडली, केवळाबाईंनी बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, भागवतदादा स्टेअरिंगवर बसले आणि चावी त्यांच्या खिशात गेली ती गेलीच. खिळा रिकामा आणि मी एसटीत. मागच्या काचेवर उज्वलाताईंच्या पोरांची नावं रंगवून घेतली आणि खाली एक ओळ मोकळी सोडली. ती कशाला म्हणून विचारलं, तर सगळे माझ्या पोटाकडं बघून हसले. शी.

नवी गाडी पहिल्यांदा देवीला न्यायची म्हणून रविवारी सगळे माहूरला निघालो. धाकटी सून म्हणून मला तिसरी रांग. ह्या तिसऱ्या रांगेत माणसं बसवायची कल्पना ज्या कोणाच्या डोक्यात आली, त्याला एकदा तिथं कोंबून अहमदपूर ते माहूर फिरवून आणलं पाहिजे. पाय पोटाशी. शेजारी केळीचा घड, लोणच्याची गळकी बरणी आणि वेफर्स चघळणारं एक पोरगं. समोर डॅशबोर्डवर मोगऱ्याच्या अत्तराची बाटली हिंदकळून राहिली होती. मधल्या रांगेतून सासरे खिडकीबाहेर तंबाखू थुंकायचे आणि ती वाऱ्यानं उलटी येऊन माझ्या काचेवर बसायची. ती काच उघडत नाही. तिसऱ्या रांगेतली काच उघडतच नाही, बनवलीच तशी आहे. बाहेरून ओघळणारी ती तांबडी थुंकी बघत मी भोकरपर्यंत दात आवळून धरले.

इस्लापूरच्या अलीकडं सुटलं सगळं. पोह्यांसकट.

भागवतदादांनी गाडी थांबवली, खाली उतरले, आधी सीट बघितली, मग मला बघितलं. डिकीतून पिवळं फडकं काढून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "नवी गाडी हाय, पुसून घे." मी पुसलं. पाणी आणून दोनदा पुसलं. आदिनाथ रस्त्याच्या कडेला उभा राहून मोबाईल बघत होता.

आणि मग केवळाबाई हसल्या. उज्वलाताईंकडं बघून डोळे मिचकावले. मी सांगायला लागले की मला मागं बसलं की होतं असं, लहानपणापासून होतं. पण ऐकणार कोण! माहूरला ओटी भरताना त्यांनी देवीला नवससुद्धा बोलून टाकला. सहस्रकुंडाला थांबलो तर तिथून त्यांनी देवणीला, त्यांच्या माहेरी, फोन लावला. घरी पोचेपर्यंत माझ्या पोटात काय आहे हे मला सोडून सगळ्या तालुक्याला कळलं होतं.

बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तसं चाललं. नाव काय ठेवायचं ह्यावर सासरे आणि भागवतदादा तावातावानं भांडले. देवणीहून गाभुळलेल्या चिंचांची पिशवी आली. येणारी प्रत्येक बाई माझ्या कंबरेवरून हात फिरवून जायची, म्हैस बघायला आल्यासारखी. मला स्वतःच्या अंगाचा वीट आला. मी केवळाबाईंना स्वच्छ सांगितलं की गेल्याच आठवड्यात, मी नांदेडला होते तेव्हा, माझी पाळी येऊन गेली. त्या म्हणाल्या, पहिलटकरणीला असा डाग पडत असतोय, आणि लपवत्यात बी, दृष्ट लागू नये म्हणून. बायोलॉजीची मास्तरीण मी, आणि मला हे ऐकावं लागलं.

एका माणसानं तोंड उघडलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. आदिनाथला पाळीचं पक्कं माहीत होतं. मला आणायला नांदेडला तोच आला होता, औषधाच्या दुकानातून गोळ्या त्यानंच आणल्या होत्या. पण तो मूग गिळून बसला. चार वर्षं मोंढ्याच्या बाजारात लोकं त्याला टोमणे मारायची, आता पाठीवर थापा मारून पेढे मागून राहिली होती. ते त्याला गोड लागलं. बुधवारी तर कळस झाला. मला न विचारता त्यानं माझ्या प्राचार्यांना फोन केला, की बाईंची तब्येत नाजूक आहे, ह्या वर्षी त्या येतील असं वाटत नाही.

मी त्याला खोलीत गाठलं. म्हटलं, आत्ताच्या आत्ता बाहेर जाऊन आईला खरं सांग. तो पलंगावर बसून पायाची नखं काढत होता. मान वर न करता म्हणाला, "उद्या लातूरला डॉक्टरकडं चाललोच आहोत की. ते नाही म्हणाले तर म्हणू, राहिलं नाही. रोज गाडी चालवायचीस, त्याच्यानं झालं असंल. लोकांना पटतंय ते."

मला खरोखरची मळमळ तेव्हा झाली. गाडी नव्हती, घाट नव्हता, नुसती पलंगाशेजारी उभी होते. म्हणजे जे नव्हतंच ते मी पाडलं, असं सगळा गाव म्हणणार. पुन्हा जन्मात कोणी मला चावी देणार नाही, कॉलेजात जाऊ देणार नाही, आणि हा बापडा दुःखी नवरा म्हणून पारावर सहानुभूती खात बसणार. ह्या माणसाच्या ताटात मी चार वर्षं वाढत होते, ह्याची किळस आली.

दुसऱ्या दिवशी भागवतदादांना सोयाबीन घेऊन मोंढ्यात जायचं होतं, म्हणून गाडी आदिनाथनं काढली. पुढं केवळाबाई, मांडीवर नारळ आणि चिंचांची पिशवी. मधे सासरे, उज्वलाताई आणि त्यांचं धाकटं. मला आडवं पडायला बरं म्हणून परत मागं. लोणच्याचा वास मुरला होता तिथं, आणि माझाही. शिरूर ताजबंद येईस्तोवर मी धरलं. मग दार उघडायला लावून रस्त्याच्या कडेला ओकले. केवळाबाई प्रेमानं पाठ चोळत होत्या. त्यांनी विचारलं, काय खावंसं वाटतंय बाळा, सांग, जे म्हणशील ते आणते.

बाईचे डोहाळे पुरवले नाहीत तर लेकराचा कान फुटतो, हे केवळाबाईंचं ठाम मत. उज्वलाताईंच्या वेळी त्यांनी ऐन पावसाळ्यात कलिंगड हुडकून आणलं होतं, ही कथा मी शंभरदा ऐकलेली. मी तोंड पुसलं आणि म्हटलं, "आत्याबाई, मला डोहाळे लागलेत. गाडी चालवायचे."

आदिनाथ म्हणाला, काहीतरीच काय. सासरे खाकरले. केवळाबाईंनी माझ्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, बराच विचार केला. कान फुटण्यापुढं त्यांचं काही चालेना. त्या आदिनाथला म्हणाल्या, "उठ तिथनं. बस मागं."

मधे जागाच नव्हती. आदिनाथ गेला तिसऱ्या रांगेत, गुडघे हनुवटीशी घेऊन. मी सीट पुढं ओढली, आरसा नीट केला. ही गाडी माझ्या टमाट्यासारखी सुटत नाही, फुगलेल्या बैलासारखी हलते, पण स्टेअरिंग हातात आलं आणि माझं पोट गप झालं. मी खिडकी खाली करून चांगली चालवत होते. सासऱ्यांनी थुंकायला सुरुवात केली होती. मी मुद्दाम काही केलं नाही, करायची गरजच नव्हती. रस्त्याचं काम चालू होतं, दर थोड्या अंतरावर गाडी खाली उतरवायची आणि परत वर चढवायची. चाकूरच्या अलीकडं मागून आवाज आला. आरशात बघितलं तर आदिनाथ पांढराफटक, दोन्ही हातांनी ती न उघडणारी काच उघडू बघत होता. आणि मग ओकला. शर्टावर, सीटवर, केळ्यांच्या डागावर.

मी गाडी बाजूला घेतली. हँडब्रेक ओढला. मग मी केवळाबाईंकडं वळून विचारलं, "आत्याबाई, ह्यांना कितवा महिना?"

उज्वलाताईंनी पदर तोंडात कोंबला. केवळाबाई हसल्या नाहीत. त्या मान वळवून लेकाकडं बघत राहिल्या, पुष्कळ वेळ. आदिनाथ हनुवटी पुसत खाली बघत होता. त्या पोराला लहानपणापासून ओळखतात, खाली बघितलं की काय असतं हे त्यांना कळतं.

"आदिनाथा, तुला ठावं होतं का रं?"

त्यानं मान आणखी खाली घातली. केवळाबाईंनी मांडीवरची चिंचांची पिशवी उचलली आणि खिडकीतून टाकून दिली. नारळ मात्र धरून ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्या क्षणी मला त्यांचा राग आला नाही, एवढं खरं. देवीपुढं पदर पसरून आलेली बाई ती.

"गाडी फिरव पोरी," त्या मला म्हणाल्या. "डाक्टर कशाला पायजे आता."

फिरवायच्या आधी मी उतरून डिकी उघडली. पिवळं फडकं होतं तिथंच. आदिनाथच्या हातात दिलं. म्हटलं, नवी गाडी आहे, पुसून घे. त्यानं पुसलं. पाणी आणायला मी कोणाला सांगितलं नाही, तो स्वतः गेला.

घरी आल्यावर भागवतदादांनी सवयीनं चावीसाठी हात पुढं केला. केवळाबाई नारळ देव्हाऱ्यात ठेवत होत्या. तिथूनच म्हणाल्या, चावी तिच्यापाशी राहू द्या, तुम्ही एसटीनं हिंडा. दादांचा हात तसाच राहिला.

सोमवारी मी कॉलेजला निघाले. प्राचार्यांना सांगायचं होतं की माझी तब्येत ठणठणीत आहे. गाडीला अजून वास येत होता, चारही काचा मी खाली केल्या. आदिनाथ इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात आला, दाराच्या मुठीला हात घातला आणि हळू आवाजात म्हणाला, येऊ का लातूरपर्यंत, जरा बोलू.

म्हटलं, "ये. मागं बस."

त्यानं तिसऱ्या रांगेकडं बघितलं आणि हात काढून घेतला.