घागरींचे फोटो

चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात एकतीस वर्षं मापं तपासून निवृत्त झालेल्या बाळकृष्णानं साठीनंतर पहिला मोठा खोटेपणा केला, तोही बायकोशी. जानेवारीत डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन कमलिनीच्या पोटात काय वाढतंय ते सांगितलं. दिवाळी दिसेल असं वाटत नाही, असंही सांगितलं. घरी येऊन हा पठ्ठ्या तिला म्हणाला, "अल्सर आहे. गोळ्यांनी जाईल." मग गच्चीवर जाऊन त्यानं बंगळूरला मुलीला, ऊर्मीला, फोन केला आणि बजावलं, की आईपुढं एक अक्षर काढायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. कमलिनी "सरी", म्हणजे 'बरं', म्हणाली आणि वेळच्या वेळी गोळ्या घेऊ लागली.

बाळकृष्ण मिरजेचा, कमलिनी तंजावरच्या मराठी घरातली. तिचं मराठी तीनशे वर्षांपूर्वी तिकडं गेलेलं आणि वाटेत तमिळ शब्द गोळा करत आलेलं. ती 'छान'ला 'बेस' म्हणायची, 'सगळं'ला 'अवघं' म्हणायची. त्यावरून त्यानं तिला पस्तीस वर्षं चिडवलं आणि पस्तीस वर्षांत तिनं एक शब्द बदलला नाही.

डॉक्टरांकडून आल्यावर चार दिवसांनी त्याच्या लक्षात आलं, की घरात तिचा एकटीचा फोटो नाही. लग्नातला होता, पण त्यात मुंडावळ्यांमागे चेहराच दिसत नव्हता. बाकी सगळ्या फोटोंत ती कडेला, निम्मी स्वयंपाकघराच्या दारात, कारण गॅसवर काहीतरी असायचंच. उद्या ही गेली तर हिचं तोंड कुठं बघायचं, या विचारानं त्याला जेवण जाईना.

पण काढायचा कसा? आजारी माणसाला एकटं खुर्चीवर बसवून फोटो काढायचा म्हणजे त्याला भिंतीवरचा खिळाच दाखवायचा. कमलिनीच्या वडिलांचा तंजावरला असा फोटो काढला होता. फोटोवाला जिना उतरतोय तोच म्हातारे म्हणाले होते, "चला, आमचं झालं." ही गोष्ट तिनंच त्याला दहादा सांगितली होती.

खालच्या मजल्यावर नारायणस्वामी राहायचा. कारखान्याच्या फोटो विभागात त्याचा जन्म गेलेला. त्याच्याकडं एक जुना रेंजफाइंडर कॅमेरा होता, त्यावर वाइड लेन्स. मोतीबिंदूनं डोळे अधू झाल्यापासून कॅमेरा कपाटात पडून होता. बाळकृष्णानं सगळं सांगितलं तेव्हा त्यानं तो काढून दिला आणि शिकवायलाही बसला.

शिकवणी सोपी नव्हती. या कॅमेऱ्यात लेन्समधून दिसत नाही. एका बारक्या खिडकीतून बघायचं, तिथं समोरच्या वस्तूच्या दोन छाया दिसतात, रिंग फिरवून त्या एकमेकींवर बसवायच्या. बसल्या की अंतर बरोबर. पण वाइड लेन्सला जेवढं दिसतं तेवढं त्या खिडकीत मावत नाही, म्हणून कॅमेऱ्याच्या डोक्यावर आणखी एक भिंग बसवलेलं. एका ठिकाणी अंतर, दुसऱ्या ठिकाणी चौकट. आयुष्यभर मापं घेतलेल्या माणसाला हा प्रकार फार आवडला.

"उन्हात लेन्सचं छिद्र आठवर ठेव, अंतर दोन मीटरवर," नारायणस्वामी म्हणाला. "सव्वा मीटरपासून पाच मीटरपर्यंत सगळं स्वच्छ येतं. कॅमेरा डोळ्याला लावायचीसुद्धा गरज नाही."

बाळकृष्णाचे डोळे चमकले. "म्हणजे भलतीकडं रोखला तरी कडेचा माणूस येतो?"

"येतो. पण कडेचा माणूस ताणला जातो. गाल इकडं, कान तिकडं. लांबून सगळं मावतं म्हणून ही लेन्स नसते, सार. ही जवळ जायला असते. किट्ट पो." जवळ जा. हे दोन शब्द त्यानं त्या दिवशी वीसदा तरी म्हटले असतील.

बाळकृष्णानं त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं. २००४ साल होतं ते. चेन्नईत पाण्याची बोंब होती, नळ कोरडे, आणि टँकर यायचा म्हणून सकाळपासून प्रत्येकाच्या दारात प्लास्टिकच्या घागरी रांगेत उभ्या. निळ्या, हिरव्या, लाल. बाळकृष्णानं जाहीर केलं, की आपण घागरींचे फोटो काढणार.

"घागरींचे?" कमलिनीनं विचारलं.

"रंग बघ की."

"बेस," ती म्हणाली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

मग रोज नऊच्या सुमाराला हा कॅमेरा छातीशी धरून घागरींसमोर उभा राहायचा. रोख घागरींवर, जीव कडेला. ती दारात, तुळशीपाशी, कधी पायरीवर बसलेली. बटण दाबताना तो मुद्दाम दुसरीकडं बघायचा, म्हणजे तिला संशय नको. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातली गत.

पहिला रोल धुऊन आला. छत्तीस फोटोंत घागरी अशा देखण्या की कुणी दुकानात लावाव्यात. आणि कडेला कमलिनी, गाल ओढलेला, कपाळ तिरकं, दंड लांबलचक. नारायणस्वामीनं फोटो डोळ्यांपाशी नेऊन पाहिले आणि म्हणाला, "मी सांगितलं होतं."

बाळकृष्णानं हट्ट सोडला नाही. तो थोडा वळून बघायचा, घागरी सरकवून बघायचा. दुसरा रोल, तिसरा रोल. मार्चमध्ये कमलिनीचे गाल खरोखरच बसायला लागले, तेव्हा लेन्सनं ओढलेलं किती आणि आजारानं ओढलेलं किती, हे त्याला कळेना. त्याच सुमाराला ती सकाळी चांगली साडी नेसू लागली. लिंबोणी रंगाची, मग मोरपंखी, केसांत मोगऱ्याचा बोटभर गजरा.

"कुठं निघालीस एवढी नटून?" त्यानं एकदा विचारलं.

"कुठं जाणार? पाण्याच्या लॉरीपाशी," ती म्हणाली, आणि दोघंही हसली. त्याला वाटलं, गोळ्या लागू पडताहेत. माणसाला जे हवं असतं ते त्याला लगेच वाटतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिला उभं राहवेना. उद्या भरती करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या दुपारी बाळकृष्ण पिशवी भरत होता, तेवढ्यात फरशीवर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. तो बाहेर आला. कमलिनीनं वेताची खुर्ची बाल्कनीच्या दाराशी, उजेडात आणली होती आणि त्यावर ती बसली होती. मोरपंखी साडी, मांडीवर हात. खुर्ची ओढून तिला धाप लागली होती.

"कॅमेरा आणा," ती म्हणाली. "घागरी पुरे झाल्या. जवळ या."

त्यानं कॅमेरा आणला. आत चौथा रोल होता. तो दोन पावलं पुढं गेला, मग आणखी एक. आता दोघांत हातभर अंतर राहिलं. खिडकीत तिच्या दोन छाया दिसत होत्या, दोन कुंकवं, दोन नाकं. त्यानं रिंग फिरवली. दोन्ही कमलिनी हळूहळू एकमेकींवर आल्या आणि एक झाल्या, आणि ती एक कमलिनी सरळ त्याच्याकडं बघत होती. त्या नजरेत विचारणं नव्हतं. तिला सगळं ठाऊक होतं. अल्सर नाही हे ठाऊक होतं, उद्या पिशवी कुठं जाणार आणि कशी परत येणार हेही.

बटणावर बोट होतं. नुसतं दाबायचं होतं. पण दाबलं की आपण तिला हो म्हटल्यासारखं होईल, असं त्याला वाटलं. ते त्याच्यानं म्हणवेना. त्यानं कॅमेरा खाली घेतला.

"रोल संपलाय," तो म्हणाला.

"सरी," ती म्हणाली. "उद्या घ्या मग."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला टॅक्सी आली. घाईत कॅमेरा शोकेसवरच राहिला. हॉस्पिटलात कमलिनी अकरा दिवस होती, त्यातले शेवटचे चार तिला शुद्ध नव्हती. ती घरी आली ती झाकूनच.

तेराव्याला फोटो लागतो. ऊर्मीनं अल्बम उलटेपालटे केले आणि शेवटी वडिलांच्या टेबलावरचे तिन्ही रोलचे फोटो घेऊन बसली. तिनं एक उचलला, मोरपंखी साडीतला.

"हा तर तिनं मला विचारून काढून घेतलाय," ती म्हणाली.

"काय विचारून?"

"मार्चमध्ये फोन आला होता तिचा. म्हणाली, निळ्या घागरीशेजारी कुठल्या रंगाची साडी उठून दिसेल? मी म्हटलं, हे काय मधेच? तर म्हणाली, तुझे बाबा माझे फोटो काढताहेत, पण मला कळू द्यायचं नाहीय त्यांना. तू बोलू नकोस, त्यांचा विरस होईल."

बाळकृष्ण उठला, कारखान्यातलं जुनं भिंग घेऊन आला आणि एकेक फोटो बघू लागला. इतके दिवस त्यानं तिचे गाल पाहिले होते, कपाळ पाहिलं होतं, किती ओढलं गेलंय ते मापलं होतं. डोळे पाहिलेच नव्हते. तो दुसरीकडं तोंड करून बटण दाबत होता, त्या प्रत्येक वेळी ती लेन्सकडं बघत होती. पहिल्या रोलच्या पाचव्या फोटोपासून शेवटपर्यंत. एकदाही पापणी मिटलेली नव्हती. ज्या कडेला त्यानं जागा ठेवली, त्या कडेला ती येऊन उभी राहिली होती आणि वाट बघत होती.

स्टुडिओवाला म्हणाला, कडेचा चेहरा कापून मोठा करू, कंप्युटरवर सरळ करू. करूनही आणला. पाहिलं तर ती दुसरीच कुणी बाई होती. बाळकृष्णानं तो परत दिला आणि अख्खाच फोटो मोठा करून मागितला, होता तसा.

म्हणून आवडीच्या त्या घरात तेराव्याला पाटावर जो फोटो ठेवला, त्यात मधोमध सात घागरी होत्या आणि उजव्या कडेला, निम्मी दारात, कमलिनी. हार घातला तर तो घागरींवर आला. नमस्काराला आलेले लोक गोंधळले. एक आजी घागरींनाच हात जोडून गेल्या. बाळकृष्णानं बोटावर कुंकू घेतलं आणि चौकटीच्या कडेला, काचेवर, तिच्या ताणलेल्या कपाळावर नेमकं लावलं.

लोक पांगल्यावर तो पाटासमोर बसला. मग सरकून आणखी पुढं गेला, हातभर अंतर राहीपर्यंत. शोकेसवर कॅमेरा तसाच होता, वरच्या खिडकीतला आकडा पंचवीसवर थांबलेला.

"रोल संपला नव्हता गं," तो तिला म्हणाला. "अकरा बाकी होते."