वीस जोड्या चाकांचा भाव

चामोर्शीच्या लटारू सुताराच्या दारात पोस्टमन उभा राहिला आणि अर्धी आळी गोळा झाली. सत्तावन्न साली सुताराला पत्र यायचं म्हणजे कोणीतरी मेलंच असं समजायचं. लटारूची बायको अन्नपूर्णा तर आधीच डोळ्याला पदर लावून बसली. पण कोणी मेलं नव्हतं. गडचिरोलीच्या एका सरकारी ऑफिसातून कागद आला होता. जंगलातली लाकडं वाहायला बैलगाडीच्या वीस जोड्या चाकं पाहिजेत, तिवसाच्या लाकडाची, वरून चढवायच्या लोखंडी धावेसकट. जोडीचा भाव बंद पाकिटात कळवावा. सोमवारी पाकिटं सगळ्यांसमोर उघडली जातील.

लटारू चौथी शिकलेला. त्यानं कागद तीनदा वाचला आणि मांडीवर थाप मारली. वीस जोड्या! गावात वर्षाकाठी चार-पाच झाल्या तरी देव पावला म्हणायचं.

"अवो, सगळ्यांसमोर म्हंजे कोनाकोनासमोर?" अन्नपूर्णेनं विचारलं. बाई हुशार.

लटारूचा चेहरा तिथंच उतरला. संध्याकाळपर्यंत गावात कळलंच. असले कागद तीन निघाले होते. एक त्याला, एक आरमोरीच्या पत्रू मिस्त्रीला, आणि एक गावाच्या खालच्या आळीत, त्याचा सख्खा थोरला भाऊ देवाजी याला. आता आली का पंचाईत!

ही पंचाईत कळायची तर आमच्याकडची रीत सांगायला पाहिजे. गाडी करून घ्यायची असली की गिऱ्हाईक सुताराच्या घरी येऊन त्याच्या हातावर सुपारी ठेवतं. त्यानं ती घेतली की काम त्याचं. मग गिऱ्हाईकानं पायाशी लोळण घेतली तरी दुसरा सुतार त्या कामाचा भाव तोंडातून काढत नाही. काम नको असेल तर सुपारी परत करायची, विषय संपला. एकाच कामाची सुपारी तीन घरी वाटत फिरणारा माणूस एक तर पिऊन आलेला असतो, नाही तर सरकारी.

आणि लटारूनं ही रीत एकदा मोडली होती. सहा वर्षं झाली त्याला. पाटलाच्या गाडीची सुपारी देवाजीकडे होती. पाटलानं लटारूला सहज विचारलं, "तू केवढ्याले देशील रे?" आणि या शहाण्यानं पाच रुपये कमी सांगितले. काम मिळालं, भाऊ गेला. बाप लवकर वारला होता, लटारूच्या हातात लाकूड तासायचा वाकस देवाजीनंच धरवला होता. तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो भांडला नाही, नुसतं बोलणं टाकलं. पोळ्याला दोघांचे बैल शेजारी उभे राहायचे, भाऊ मात्र बैलांच्या दोन अंगाला तोंडं फिरवून उभे. लटारूला ते लागायचं. एरवी तोंडाचा फटकळ, पण ही एक गोष्ट त्याच्यानं कोणाला सांगवत नव्हती.

"भाव लिवा ना," अन्नपूर्णा म्हणाली.

"कोनता लिवू? माह्या हिशोबानं जोडी साठाले बसते. साठ लिवले तर काम माह्यं. मंग भाऊ म्हनन, ह्यानं पुन्हा माह्या सुपारीत हात घातला."

"मंग लिवूच नका."

"थेही जमत नाई. पोस्टमन सांगून राह्यला, तीन पाकिटं आली नाई तर सारंच रद्द. मंग भाऊलेही भेटनार नाई."

लटारू एकदा खालच्या आळीच्या वळणापर्यंत गेला. देवाजीच्या अंगणातून वाकसाची ठकठक ऐकू आली. वळणावरच थांबला. परत आला आणि कागद घेऊन बसला. त्यानं लिहिलं, जोडीस रुपये नव्वद.

"नव्वद!" अन्नपूर्णेनं कपाळावर हात मारला. "लोक तुमाले येडं म्हनतीन."

"म्हनू दे. भाऊ साठ-बासष्ट लिवन. त्याले भेटलं म्हंजे झालं."

वीस जोड्यांचं काम आपल्या हातानं घालवताना त्यानं कागद दोनदा पाकिटातून परत बाहेर काढला, खोटं कशाला बोला. पण पाकीट त्यानं डिंकानं घट्ट चिकटवलं.

सोमवारी ऑफिसात पत्रू आला, लटारू आला. देवाजी आला नाही, त्याचं पाकीट टपालानं आलं होतं. बाबूनं पहिलं फोडलं. पत्रूचे अडुसष्ट. दुसरं लटारूचं. बाबूनं चष्म्यावरून पाहिलं. "नव्वद? चाकाला चांदीची धाव बसवणार आहेस का?" पत्रू फिदीफिदी हसला. लटारूचे कान तिसऱ्या पाकिटाकडे.

तिसरं फोडलं तर टेबलावर सुपारी पडली. टणटण घरंगळत गेली ती थेट दौतीला अडली.

"हे काय?" बाबू वैतागला. मग त्यानं चिठ्ठी वाचली. अक्षर शाळेच्या मास्तराचं, खाली अंगठा. "आपली सुपारी परत करतो. हे काम माझा धाकटा भाऊ लटारू यास द्यावे. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. तो सांगेल तो भाव वाजवी समजावा. देवाजी सुतार."

बाबूनं चिठ्ठी खाली ठेवली. "हा म्हणतो, सांगेल तो भाव वाजवी. आणि तू नव्वद सांगतोस! काही लाज?"

लटारूचे डोळे भरून आले, आणि बाबूला वाटलं काम गेलं म्हणून रडतो आहे. काम पत्रूला गेलं. देवाजीच्या पाकिटात भाव कुठे आहे, असं कोणीतरी कुरकुरलं, तर बाबू म्हणाला, नियमाला पाकिटं तीन लागतात, ती आली.

"बाबूसाहेब," लटारू उठताना म्हणाला, "थे सुपारी मले द्या."

गावात पोचला तो घरी गेलाच नाही. वळणावरही थांबला नाही. देवाजी अंगणात चाकाचा आरा तासत होता. त्यानं मान वर केली.

"भेटलं काम?" सहा वर्षांनी पहिला शब्द.

"नाई. पत्रूले गेलं."

"काऊन? किती सांगतले तू?"

"नव्वद."

देवाजीच्या हातातला वाकस थांबला. "नव्वद? काऊन रे गधड्या?"

"तुले भेटावं म्हून." लटारूनं मूठ उघडून सुपारी पुढे केली.

देवाजीनं सुपारी उचलली. मग ती ठोकळ्यावर ठेवून वाकसानं तिची दोन खांडं केली. एक आपल्या तोंडात टाकलं.

"पाटलाची थेच गाडी मोडाले आली आहे," तो म्हणाला. "काम माह्याकडे आहे. सकाळी लवकर ये." आणि दुसरं खांड त्यानं लटारूच्या हातावर ठेवलं.