यादीतला वरचा नंबर

आरोग्य खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर तक्ते बनवणाऱ्या बाईंना सगळे आकडेताई म्हणत. कुठल्या देशात ऑटिझमची किती मुलं नोंदली गेली, हा तक्ता दरवर्षी त्याच करत. सगळ्यात कमी मुलं असलेला देश पहिला, आणि आपला नेहमी दुसरा, म्हणून मोठे साहेब खूश असत. यंदा मात्र आपला आकडा तिप्पट झाला.

"एवढी मुलं आली कुठून?" साहेबांनी विचारलं.

"वाढलेली सगळी एकाच दवाखान्यातून. तिथे गेल्या वर्षी नव्या डॉक्टरीणबाई आल्यात. देशात ही तपासणी नीट करणाऱ्या त्या एकट्याच."

"म्हणजे त्या येईपर्यंत सगळं ठीक होतं. बंद करा ती तपासणी. शुक्रवारी आदेश काढतो."

साहेब असे अधूनमधून अकलेचे तारे तोडत. एरवी आकडेताईंनी मान डोलावली असती. पण येत्या मंगळवारी तिथेच त्यांच्या नऊ वर्षांच्या लेकीची वेळ होती, अकरा महिने थांबून मिळालेली. लेक दारात आलेल्या पाहुण्याला आधी 'दात किती?' विचारी आणि उत्तराशिवाय आत घेत नसे. शाळा म्हणे, हट्टी आहे. सासूबाई म्हणत, बापावर गेलीय. आणि बाप तेव्हा दाराचं कुलूप सातव्यांदा ओढून बघत असे. नक्की काय ते कुणीच सांगत नव्हतं, आणि आकडेताईंचा जीव टांगणीला लागला होता.

"साहेब, तुम्हाला चष्मा लागला तो डोळे तपासल्यावरच ना?"

"तर काय. त्या माणसाकडे जाईपर्यंत माझे डोळे उत्तम होते."

पालथ्या घड्यावर पाणी. आकडेताई जागेवर परतल्या. साहेब तक्त्याचं फक्त शीर्षक आणि आपला नंबर वाचतात, हे अख्ख्या मजल्याला ठाऊक होतं. त्यांनी एकही आकडा बदलला नाही. फक्त तक्त्याचा क्रम उलटा लावला, जास्त मुलंवाला देश पहिला, आणि वर लिहिलं: 'मुलं ओळखण्यात कोण पुढे?'

साहेबांनी नंबर शोधला आणि ते लालबुंद झाले. "शेजारचे आपल्या वर? त्यांना काय सोनं लागलंय?"

"त्यांच्याकडे तपासणारे चाळीस आहेत. आपल्याकडे एक."

"आणि तेही आपण बंद करतोय? कुणाची ही अक्कल?"

आकडेताईंनी छताकडे बघितलं.

मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी आधी लेकीला आपले दात मोजू दिले. मग दोन तास तिच्याशी बोलल्या, खेळल्या, आणि शेवटी आईला नीट समजावून सांगितलं. ऑटिझमच होता. आकडेताईंना रडू आलं. लेक हट्टी कधीच नव्हती, आणि आपण तिला उगाच किती रागावलो, याचं वाईट वाटलं. तरी कितीतरी दिवसांनी त्यांना हलकंही वाटत होतं.

बुधवारी साहेब सकाळीच टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"किती वाढली आपली मुलं?"

"एक, साहेब."

"एकच?"

"एकच," आकडेताई म्हणाल्या. "पण ती माझी आहे."